डोक्यावर काही नको

मागच्या दिवाळीच्या अगोदर घराला रंग द्यायचं निघालं. सूनबाई म्हणाली, "मामा, रंग द्यायचाच हाय तर एकदा हॉल मनासारखा करून घेऊ." असं म्हणून तिनं मोबाईल माझ्या हातात दिला. बोटानं सरकवलं की एकामागं एक घरं पुढं यायला लागली. एका घरात पांढऱ्या भिंतीवर पितळेच्या घागरी ओळीनं मांडलेल्या. दुसऱ्यात भिंतीला कोनाडे आणि कोनाड्यात समया. तिसऱ्यात छताला लाकडी तुळया आणि खाली झोपाळा. तिनं सांगितलं, ह्याला वाडा स्टाइल म्हणतात, पुण्याकडं सध्या हेच चालतंय.

मी चष्मा लावून नीट बघितलं आणि मला हसू आलं. म्हटलं, "अगं, हे तर आपलंच पाडलेलं घर हाय."

"मग तर बरंच झालं की! ह्या भिंतीला वरच्या अंगानं एक लांब फळी मारू आणि तिच्यावर पितळी भांडी मांडू."

आमची मंडळी आत भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. तिथूनच ती म्हणाली, "डोक्यावर काही नको." पुढं एक शब्द बोलली नाही. परत थापण्याचा आवाज सुरू झाला.

सून माझ्याकडं बघायला लागली. तिला ह्या घरात येऊन तीनच वर्षं झालेली. सोलापुरात फ्लॅटमध्ये वाढलेली पोर, तिला काय माहीत असणार? त्या रात्री जेवणं झाल्यावर मी तिला आमच्या घराची गोष्ट सांगितली. तीच इथं लिहितोय. घर सजवणं हे काही आजच्या मोबाईलनं आणलेलं खूळ नाही. आमच्या चार पिढ्यांनी ते केलंय. प्रत्येकानं कुठंतरी काहीतरी बघितलं आणि आपल्या ऐपतीप्रमाणं घरात आणलं. त्यातलं काय राहिलं आणि काय गेलं, एवढंच सांगायचंय.

आमचं गाव उमरगा तालुक्यात, कर्नाटकाच्या सीमेजवळ. ह्या भागातलं जुनं घर म्हणजे माळवद. दगडमातीच्या भिंती इतक्या रुंद की खिडकीत माणूस मांडी घालून बसावं. आत लाकडाचे खांब, खांबावर तुळया, तुळयांवर कड्या, त्यावर काटक्याकुटक्या अंथरून वर पांढऱ्या मातीचा जाड थर. दोन खांबांमधल्या जागेला खण म्हणायचं. सोयरीक ठरवताना "घर किती खणाचं?" असं विचारायचे, खोल्या कुणी मोजत नव्हतं. उन्हाळ्यात हे घर गार आणि थंडीत उबदार. खिडक्या मात्र एखादी असली तर असली, चोरांच्या भीतीनं. उजेड यायचा साण्यातून. साणं म्हणजे माळवदाला ठेवलेलं भोक. त्यातून उन्हाचा कवडसा खाली पडायचा आणि दिवसभर सारवलेल्या जमिनीवरून सरकत जायचा. तो उतरंडीच्या तिसऱ्या गाडग्यावर आला की माय म्हणायची, "ऊठ, जनावरं सोडायची येळ झाली."

अशा घरात सामान ठेवायला कपाट नव्हतं. भिंतच कपाट. दिव्याला देवळी, सटरफटरला कोनाडा, दावी-कासरे अडकवायला खुंटी आणि धान्याला भिंतीतच बांधलेलं बळद. घर बांधतानाच हे सगळं ठरवावं लागायचं. त्यामुळं घराची शोभा आणि घराचा वापर ह्या दोन गोष्टी तेव्हा वेगळ्या नव्हत्या.

आमचं घर बांधलं माझ्या आज्यानं, निजामाच्या राज्यात. आम्ही त्याला आबा म्हणायचो. आबा शेजारगावच्या देशमुखाच्या वाड्यावर सालानं राहिलेला. वाड्याची ढेलज, नक्षीचे खांब, कमळं कोरलेली चौकट हे तो रोज बघायचा. वाड्यात त्याला ढेलजेच्या पुढं जाता येत नव्हतं, पण बघायला कोण अडवणार? पुढं स्वतःचं तीन खणाचं घर उभं करायची वेळ आली तेव्हा त्यानं सुताराला सांगितलं, "बाकी सगळं साधं कर, पण माजघराच्या एका खांबाला खाली कमळ काढ." सुतार म्हणाला, एकाच खांबाला शोभत नाही. आबा म्हणाला, "मला शोभतंय." त्या कमळापायी सुताराला दोन पायली ज्वारी जास्त गेली म्हणे. आबाच्या सगळ्या जन्मात हौसेचा खर्च तेवढाच.

१७ सप्टेंबर १९४८ ला निजामाचं राज्य गेलं. वाड्याचा दरारा हळूहळू उतरला. पुढं वाडाही पडला, त्याचे खांब कुणी कुणी नेले. आमच्या घरातलं कमळ मात्र जागेवर राहिलं.

त्यानंतर घरावर हात फिरला मायचा. तिचं माहेर सीमेपलीकडं, बसवकल्याणच्या बाजूला. तिकडं भिंतीला लांब फळी मारून तिच्यावर पितळी भांडी उतरत्या मापानं मांडायची रीत तिनं लहानपणापासून बघितलेली. लग्न होऊन आली तेव्हा आमच्या घरात फळी नव्हती, भांडीही नव्हती. तिनं आधी फळी मारून घेतली. आजी हसली, "अगं, फळीवर काय मांडणार, वारा?" माय म्हणाली, "येतील."

आणि खरंच एकेक भांडं आलं. तुरीचे पैसे आले की चरवी, एखादं वासरू विकलं की घागर. परात, गुंड, तपेलं, डबे. सणाच्या आधी ती सगळी खाली काढायची आणि चिंच-राखेनं घासायची. कवडसा फळीवर पडायचा त्या घटकेला सगळं माजघर पिवळंधमक व्हायचं. खिडकी नसलेल्या घरात उजेड वाढवायची ती युक्ती होती, हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा वाटायचं, ही नुसतीच मिरवते.

भिंतींचंही तसंच. वरून पांढऱ्या मातीचा पोतेरा, खालच्या हातभर उंचीला शेणाचं सारवण आणि दोन्हींच्या मधी कावेचा तांबडा पट्टा. तो पट्टा दिसायला चांगला म्हणून असतो असं मी समजायचो. माय म्हणाली, "आरं, खालचं सारवण दर आठवड्याला, वरचा पोतेरा वर्षाला. कुठवर हात फिरवायचा ते कळावं म्हणून पट्टा."

भाद्रपदात महालक्ष्म्या बसायच्या तेव्हा घराचं खरं रूप दिसायचं. घरातली चांगली लुगडी मागच्या भिंतीला लावायची, फराळाची ताटं, मातीची खेळणी, कणसांचं तोरण. गावातल्या बाया एकमेकींच्या महालक्ष्म्या बघायला जायच्या. देवीला नमस्कार एकदा व्हायचा आणि नजर सगळीकडं फिरायची. कुणी काय नवीन केलंय हे बघून येऊन पुढच्या वर्षी ते आपल्याकडं करायचं. आजची सून मोबाईलवर जे बघते ते आमच्या आया महालक्ष्म्यांच्या तीन दिवसांत बघायच्या.

भिंतीवर कागदाचं पहिलं चित्र आलं ते लक्ष्मीचं, आप्पांनी तुळजापूरच्या यात्रेतून आणलेलं. त्या चित्रांमागं मोठा इतिहास आहे. राजा रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, पुढं तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. दगडावर चित्र उतरवून रंगीत छपाई करायची, त्यासाठी यंत्रं जर्मनीहून आणलेली. त्याआधी देव असायचे देवळात नाहीतर देवघरातल्या टाकावर. छापलेल्या चित्रांनी देव भिंतीवर आला आणि ज्यांना देवळाची पायरी चढू देत नव्हते त्यांच्याही भिंतीवर आला. रविवर्म्यांचं बघून पुढं कितीतरी छापखान्यांनी तसलीच चित्रं काढली. आमची लक्ष्मी त्यांतल्याच कुठल्यातरी छापखान्याची असावी. कमळात उभी, बाजूला हत्ती. आबानं तिच्याकडं निरखून बघितलं आणि म्हणाला, "कमळ माझंच चांगलं हाय."

१९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा मी बारा वर्षांचा. आप्पा आणि माय दोघंही खडी फोडायला जायचे. त्या वर्षी फळी रिकामी झाली. भांडी सावकाराकडं गहाण गेली, एक चरवी तेवढी राहिली. रिकामी फळी बघून मला वाईट वाटायचं, पण माय रोज ती पुसायची. म्हटलं, "कशाला पुसतीस? वर काय हाय?" ती म्हणाली, "जागा हाय की." पुढच्या चार वर्षांत तिनं एकेक करून सगळी भांडी सोडवून आणली. मी दहावी पास झालो १९७६ ला, त्याच साली शेवटची घागर घरी आली. त्या दिवशी पेढे नव्हते, गूळ वाटला. तो माझ्या पास होण्याचा का घागरीचा, ते मायनं काही सांगितलं नाही.

ह्याच सुमाराला सोलापूर आमच्या घरात शिरलं. माझा चुलता तिथं गिरणीत होता. तो सुट्टीला आला की त्याच्या ट्रंकेतून काहीतरी निघायचं. मोराची सोलापुरी चादर तर मायनं पांघरायला दिलीच नाही, बाजेवर पाहुण्यांसाठी अंथरायला ठेवली. आरसा आला. कॅलेंडरं आली. १९७३ पासून कालनिर्णय निघायला लागलं होतं, ते आमच्याकडं आलं तेव्हा माय भटजीला तिथी विचारायची थांबली. मला म्हणायची, "बघ रं, कवा हाय एकादशी?" आणि मी ऐटीत वाचून दाखवायचो. बाकीची कॅलेंडरं वर्ष संपलं तरी काढत नव्हतो. देवांचे फोटो फाडून टाकायचे कसे? मग एकावर एक अशी त्यांची थप्पी होई.

माझं लग्न १९८३ ला झालं. मंडळीच्या रुखवतात काचेच्या नळ्यांचं तोरण होतं, कापडावर भरलेला राजहंस होता आणि चौकटीत मढवलेलं 'सुस्वागतम्'. राजहंस लावायला माझ्या बायकोला भिंतीवर जागा पाहिजे होती. मायची फळी हलणार नव्हती. चारेक महिने दोघी एकमेकींशी मोजकंच बोलत होत्या. शेवटी मायनंच आबाच्या कमळाच्या खांबाला खिळा ठोकून दिला. म्हणाली, "घे. खांब काय माझा न्हाई." राजहंस खांबावर बसला आणि घरातली कुरबूर मिटली. दुसऱ्याचं काढून आपलं लावायचं नसतं, आपल्यासाठी जागा शोधायची असते, हे त्या दोघींनी तेव्हा न बोलता ठरवलं असावं.

१९८७ ला रामायण सुरू झालं. दुसऱ्या वर्षी आम्हीही टीव्ही घेतला. तो आल्यावर घराचं तोंडच फिरलं. तोवर बसायची रीत साण्याच्या उजेडाभोवती होती, आता सगळ्यांच्या पाठी उजेडाकडं आणि तोंडं टीव्हीकडं. टीव्हीच्या लाकडी पेटीवर मंडळीनं विणलेला रुमाल टाकला, त्यावर प्लास्टिकची फुलं ठेवली. मायला ती फुलं आवडायची नाहीत. "वास न्हाई, बी न्हाई, कसली ती फुलं!"

आता पुढचं सांगतो. त्या रात्री सुनेला सांगताना मी इथंच थांबलो होतो, पाणी प्यायलो होतो.

३० सप्टेंबर १९९३. गणपती बुडवून लोक उशिरा झोपलेले. मी आणि आप्पा अंगणात बाजेवर होतो, मंडळी दोन्ही लेकरांना घेऊन सोप्यात. माय माजघरात, आपल्या नेहमीच्या जागी, फळीच्या खाली. पहाटे चारच्या सुमाराला जमिनीतून असा आवाज आला की शंभर बैलगाड्या एकदम घाटातून सुटल्यात. मी बाजेवरून खाली पडलो. उठून बघतो तर धुळीनं काही दिसेना. मंडळी लेकरांना ओढत बाहेर आली. माजघराची मागची भिंत आत कोसळलेली. फळी, भांडी, दगड, माती, सगळं एकत्र. आम्ही हातांनी उकरलं. आधी हाताला घागर लागली. मग परात. एकेक भांडं बाजूला टाकत होतो आणि ते दगडावर पडून वाजत होतं. माय सगळ्यात खाली होती.

किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत हजारो माणसं गेली. त्यापुढं आमच्या घरातलं एक माणूस म्हणजे मोजणीत काहीच नाही. पण तो आवाज, पितळ दगडावर पडल्याचा, माझ्या बायकोच्या कानातून गेला नाही.

माणसं का मेली हे पुढं सरकारी इंजिनियर आले त्यांनी समजावून सांगितलं. आमच्या भिंती दगडमातीच्या, बाहेरचा आणि आतला दगड एकमेकांत सांधलेला नाही. हादरा बसला की भिंत पोटातून फुगते आणि फुटते. वरून मातीचं ओझं. गळतं म्हणून आम्ही पावसाळ्याच्या तोंडावर नवी माती टाकायचो, जुनी काही काढायचो नाही. वर्षानुवर्षं ओझं वाढतच गेलेलं. लाकडाचे खांब मात्र कितीतरी घरांत उभे राहिले. आमच्याही घरात भिंत पडली, पण कमळाचा खांब आणि त्यावरचा राजहंस होता तिथंच होता. मला त्या राजहंसाचा राग आला होता. का, ते सांगता येणार नाही.

पार उद्ध्वस्त झालेली बावन्न गावं नव्या जागी वसवली. आमचं गाव जागेवरच राहिलं, दुरुस्तीला मदत हप्त्याहप्त्यानं मिळाली. आम्ही सव्वा वर्ष पत्र्याच्या शेडमध्ये राहिलो. १९९५ ला सिमेंटच्या चार खोल्या बांधल्या, खाली शहाबादी फरशी. बांधताना मिस्त्रीनं विचारलं, "कोनाडे ठेवायचे का? सज्जा काढू का?" मंडळी म्हणाली, "सपाट भिंत पाहिजे. कुठं काही अडकवायचं न्हाई." भिंतीवर एकच खिळा, कॅलेंडरापुरता. भांडी तिनं मोडीत काढली, मला विचारलंही नाही. एक चरवी तेवढी ठेवली, दुष्काळात राहिलेली तीच. कपाटं कमरेएवढी. खाटा भिंतीपासून लांब. लोक म्हणायचे, "पाटील, घर बांधलं पण सजवलं न्हाई." आम्ही पाटील नाही, पण गावात असंच म्हणतात. मी हसून सोडून द्यायचो. खरं तर ते सजवलेलंच होतं. ज्या बाईला रात्री झोप लागत नव्हती तिनं आपल्याला झोप लागेल असं घर मांडलं होतं. जवळजवळ तीस वर्षं आम्ही त्यात राहिलो आणि मला त्या मोकळ्या भिंतींची सवय झाली.

सुनेनं हे सगळं ऐकलं. डोळे पुसले आणि मोबाईल बाजूला ठेवला. म्हणाली, "राहू द्या मामा, नुसता रंग देऊ."

मला वाटलं, विषय संपला. पण दुसऱ्या दिवशी मंडळीच तिला म्हणाली, "दाखव बघू मला ती घरं." दोघी दुपारभर बघत बसल्या. मंडळी एकेक फोटो बघायची आणि म्हणायची, "हे कोण पुसणार?" "इथं लेकरू धडकंल." "हे चांगलं हाय, पण आपल्याला काय कामाचं?" शंभर घरं बघितली असतील, त्यातली तीनच गोष्टी राहिल्या. पोरानं छताला पीओपी करायचं काढलं होतं. त्याला ती म्हणाली, "माळवदाखाली एक पिढी काढली, आता परत दुसरं माळवद लटकवतोस का?" तो विषय तिथंच मिटला.

आता आमचा हॉल असा आहे. भिंती पांढऱ्या, आणि जमिनीपासून हातभर उंचीवर तांबडा पट्टा. पट्ट्याच्या खाली शेणाच्या रंगाच्या जवळ जाणारा ऑइल पेंट, लेकरांचे हात लागले तरी पुसता येतो. मायचाच हिशोब, रंग तेवढा नवा. कमळाचा खांब इतकी वर्षं गोठ्यात आडवा पडला होता. सुतारानं तो चिरायचं काढलं तेव्हा मी नको म्हटलं. अख्खा तसाच आडवा ठेवून खाली चार ठोकळे बसवले. आता त्यावर बसता येतं. कमळ एका टोकाला आहे, नातवाचा हात सारखा त्याच्यावर असतो. आणि दाराजवळच्या कोपऱ्यात, जमिनीवर, दोन घागरी. सुनेनं त्या सोलापुरातून जुन्या बाजारातून आणल्या. किंमत ऐकून मी गप्पच बसलो. आम्ही मोडीत दिल्या त्याच्या कितीतरी पट. मधोमध मायची चरवी.

घागरी आणल्या त्या दिवशी मंडळी बराच वेळ लांबून बघत होती. मग आतून चिंच आणि राख घेऊन आली. सून म्हणाली, "आत्या, पितांबरी हाय की घरात." मंडळी म्हणाली, "असू दे." दोघी उंबऱ्यात बसून घासायला लागल्या. घासताना एक घागर फरशीवर कलंडली आणि वाजली. मी मंडळीच्या तोंडाकडं बघितलं. तिनं ती उचलली, मांडीत घेतली आणि परत घासायला लागली.

दिवाळीला पाहुणे आले. एकानं विचारलं, "भांडी खाली का ठेवलीत? वर फळीवर झकास दिसली असती." मी काही बोलायच्या आत सून म्हणाली, "आमच्याकडं अशीच पद्धत हाय."